चेंबरमध्ये गोळी ठेवायची का? नव्या परवानाधारकांसाठी

परवान्याचं पुस्तक हातात येतं, दुकानातून पिस्तूल घरी येतं, घरचे एकदा लांबूनच बघून घेतात, आणि पहिल्याच रात्री प्रश्न पडतो की हे आता ठेवायचं कसं? भरून ठेवलं तर झोप लागत नाही, रिकामं ठेवलं तर मग घेतलं कशाला, असं वाटतं. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये लक्ष्मी रस्त्यावरचे सराफ आहेत, पेट्रोल पंपवाले आहेत, मुळशीकडे शेतघर बांधून राहायला गेलेले निवृत्त लोक आहेत. त्या सगळ्यांना मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. घरात, कपाटात किंवा तिजोरीत राहणाऱ्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी नको. कमरेला, नीट होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात), शिकलेल्या माणसाच्या अंगावर असलेल्या हत्याराची गोष्ट वेगळी असू शकते, त्याकडे पुढे येऊ. पण उत्तर तेवढं पाठ करून भागत नाही. ते का, आणि आपल्या हत्याराला ते कसं लागू होतं, हे कळलं नाही तर एखाद्या दिवशी चूक होतेच. माझीही झाली आहे.

आधी ‘भरलेलं’ म्हणजे काय ते समजून घ्या

आपण सरसकट ‘लोड केलंय’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, गोळ्या असणं ही एक. नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, गोळी बसलेली असणं ही दुसरी. मॅगझिन भरून मुठीत बसवलं, पण स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढलीच नाही, तर चेंबर रिकामं असतं आणि चाप ओढला तरी बार उडत नाही. स्लाईड मागे ओढून सोडली की मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये जाते. त्या क्षणापासून हत्यार आणि बार यांच्यामध्ये फक्त चाप उरतो, आणि असलाच तर सेफ्टी कॅच, म्हणजे चाप अडवणारी कळ.

अमेरिकेत जेफ कूपर नावाच्या नेमबाजी प्रशिक्षकाने या अवस्थांना क्रमांक दिले. चेंबर भरलेलं, घोडा (चाप ओढला की आपटून बार उडवणारा मागचा भाग) चढवलेला आणि सेफ्टी लावलेली ती पहिली अवस्था. चेंबर भरलेलं पण घोडा उतरवलेला ती दुसरी. चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं ती तिसरी. सगळंच रिकामं ती चौथी. इंटरनेटवर या विषयावर जी हमरीतुमरी दिसते ती बहुतेक पहिली की तिसरी यावर असते. ती पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथला बोलणारा माणूस पिस्तूल सकाळी कमरेला लावतो ते रात्री उतरवतो. आपल्याकडचं पिस्तूल वर्षातले साडेतीनशे दिवस गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मागे असतं. त्याचा सल्ला त्याच्या कमरेसाठी आहे, तुमच्या कपाटासाठी नाही.

पायरी पहिली: आपलं हत्यार कोणत्या जातीचं आहे ते बघा

आपल्याकडे सामान्य परवान्यावर साधारणपणे .३२चं पिस्तूल, .३२चं रिव्हॉल्व्हर किंवा बारा बोअरची बंदूक मिळते. ९ मिमी हा निषिद्ध बोअर आहे, म्हणजे नळीचं हे माप सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी नव्या घडणीची पिस्तुलं आपल्या चर्चेत जवळपास येतच नाहीत. हा मुद्दा बारीक वाटेल, पण इथेच बरंच काही ठरतं. त्या नव्या पिस्तुलांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन पुढे जाऊच शकणार नाही अशी अडसर-व्यवस्था आत असते. .३२च्या कित्येक जुन्या पिस्तुलांत, विशेषतः आजोबांकडून वारशाने आलेल्या आयात पिस्तुलांत, असा अडसर नसतो. असं पिस्तूल चेंबर भरलेलं असताना फरशीवर नळीच्या बाजूने आपटलं तर चापाला कोणी हात न लावताही उडू शकतं. तुमच्या पिस्तुलात हा अडसर आहे की नाही हे माहितीपुस्तिकेत बघा, नसेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून खात्री करून घ्या. आणि तोवर चेंबरमध्ये गोळी नको, यावर चर्चाही नको.

घोडा बाहेर असलेलं पिस्तूल असेल तर आणखी एक सापळा आहे. चेंबर भरल्यावर चढलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवायचा, ही कसरत. अंगठा घामेजलेला असतो, घसरतो, आणि बार उडतो. घोडा उतरवायची स्वतंत्र कळ नसेल, तर ही कसरत घरी करून बघू नका.

रिव्हॉल्व्हरचं गणित निराळं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर पुण्यात कितीतरी घरांत आहे. त्याला वेगळं चेंबर नसतं, सहा घरांचं फिरतं सिलिंडर असतं आणि प्रत्येक घर म्हणजे एक चेंबर. म्हणजे भरलेलं रिव्हॉल्व्हर हे ‘चेंबरमध्ये गोळी’ असलेलंच हत्यार. त्याबद्दल एक गैरसमज मी पन्नासदा तरी ऐकला असेल: घोड्यासमोरचं एक घर रिकामं ठेवलं की पहिला चाप फुकट जातो, म्हणजे पोरांच्या हाती लागलं तरी धोका नाही. साफ चूक. चाप ओढताना सिलिंडर आधी एक घर पुढे सरकतं आणि मग घोडा पडतो. उडतं ते शेजारचं, भरलेलं घर. घोड्यासमोरच्या रिकाम्या घराचा उपयोग एवढाच, की जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तर पिनेसमोर काडतूस नसतं. सिलिंडर कोणत्या बाजूला फिरतं हेही प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेव्हा ‘दोन घरं रिकामी ठेवतो’ वगैरे हिशेब मांडत बसू नका. रिव्हॉल्व्हर एक तर पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं.

दुनळी बंदुकीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही. घरात ती कधीही भरून ठेवायची नाही. बहुतेक दुनळीचा सेफ्टी कॅच फक्त चाप अडवतो, आतले घोडे अडवत नाही. बंदूक कोपऱ्यात टेकवलेली असते आणि केरसुणीच्या धक्क्यानेसुद्धा पडते. काडतुसं वेगळी, बंदूक वेगळी.

पायरी दुसरी: भरण्याआधी रिकामं करायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडा थांबतो.

परवाना मिळून मला जेमतेम चार महिने झाले होते. आम्ही तेव्हा पेठेतल्या वाड्यात राहायचो. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. पिस्तूल पुसून ठेवावं म्हणून मी आतल्या खोलीत बसलो. स्लाईड ओढली, चेंबरमधली गोळी टुणकन पलंगावर पडली. छान, रिकामं झालं, म्हणून मग मॅगझिन काढलं. नळी भिंतीशी रचलेल्या गाद्यांच्या वळकट्यांकडे केली आणि ‘खात्री करायला’ चाप ओढला.

बंद खोलीत .३२चा आवाज लहान नसतो. कानात शिट्टी बसली. स्वयंपाकघरातला खलबत्ता थांबला. जळक्या दारूचा वास आणि हवेत तरंगणारा कापूस, एवढंच मला पुढचं मिनिटभर कळत होतं. वाड्यातल्या कोणी विचारलंसुद्धा नाही, सगळ्यांना वाटलं पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन जबाब लिहून दिला, आणि परवाना थोडक्यात वाचला. गोळी मात्र सापडली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात गाद्या पिंजायला दिल्या तेव्हा पिंजाऱ्याने ती कापसातून काढून माझ्या हातावर ठेवली, चपटी झालेली, चिंचोक्याएवढी.

चूक काय झाली? क्रम उलटा झाला. मॅगझिन आत असताना स्लाईड ओढली की जुनी गोळी बाहेर पडते आणि सोडताना मॅगझिनमधली नवी गोळी आत जाते. मी एक काढली आणि त्याच हाताने दुसरी भरली. मग मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामं दिसत होतं.

तर बरोबर क्रम असा. बोट चापाच्या कडीबाहेर, सरळ, चौकटीला लावून. नळी अशा दिशेला की चुकून बार उडाला तर माणूस जाणार नाही. फ्लॅटमध्ये ही दिशा सहज सापडत नाही, कारण खाली आणि वर दोन्हीकडे शेजारी आहेत, म्हणून मी जाड लाकडी पेटीत घट्ट दाबून भरलेली वाळू ठेवली आहे आणि नळी तिच्यात असते. मग आधी मॅगझिन काढायचं आणि हातभर लांब ठेवायचं. त्यानंतर स्लाईड पूर्ण मागे, एकदा नाही, तीनदा. मग ती मागेच अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, आणि करंगळीचं टोक घालूनही बघायचं. अंधारात किंवा चष्मा नसताना डोळे फसवतात, करंगळी नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सहाही घरं मोजायची, तोंडाने, एक दोन तीन करत. आणि ‘खात्री करायला’ चाप ओढायचा नाही.

बाहेर पडलेली गोळी हवेत झेलायचा स्टाइलबाज प्रकार चित्रपटातल्या लोकांसाठी सोडा. पडू दे, मग उचला आणि मोजा. मॅगझिनमध्ये सात आणि पलंगावर एक म्हणजे आठ. मोजणी जुळली नाही तर काहीतरी अजून आत आहे.

पायरी तिसरी: दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या

चेंबर भरलेलं ठेवा म्हणणारे मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं असं: हल्ला होतो तेव्हा एक-दीड सेकंदही मोठा असतो. स्लाईड ओढायला दोन्ही हात लागतात, आणि त्या वेळी एक हात दाराला, मुलाला किंवा हल्लेखोराला धरून असू शकतो. घाबरलेला माणूस स्लाईड अर्धीच ओढतो आणि गोळी तिरकी अडकते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. रेंजवर नुसत्या ‘हं, चालू करा’ एवढ्या आवाजाने माणसांचे हात थरथरताना मी पाहिलेत.

पण हा हिशेब अंगावरच्या हत्याराचा आहे. कपाटातल्या पिस्तुलापर्यंत पोहोचायला तुम्हाला उठायचंय, दिवा लावायचाय की नाही ते ठरवायचंय, किल्ली किंवा आकडे लावायचेत. त्या अर्ध्या मिनिटात स्लाईडचा एक सेकंद कुठेच दिसत नाही. उलट तो सेकंद तुमच्या कामाचा आहे, कारण अर्धवट झोपेत हातात भरलेलं पिस्तूल आणि दारात उभा असलेला माणूस म्हणजे रात्रपाळीहून लवकर परतलेला मुलगा असू शकतो. स्लाईड ओढणं ही जागं होण्याची खूण समजा.

दुसरं म्हणजे, पुण्यात घरातल्या पिस्तुलाला सगळ्यात जास्त वेळा हात कोणाचा लागणार? चोराचा नाही. तुमचा, साफसफाई करताना. नातवाचा, सुट्टीत. कामाच्या बाईंचा, कपाट पुसताना. ज्याला कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत आहे, त्याचा.

कायद्याचंही थोडं लक्षात घ्या. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (१ जुलै २०२४पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता). त्यातली अट स्पष्ट आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उभा राहत नाही. म्हणजे दार बंद करून ११२ला फोन करणं शक्य असेल तर तेच पहिलं. आणि निष्काळजीपणे बार उडवून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात त्यासाठी वेगळी शिक्षा आहे: २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारेही याच कलमात येतात.

पायरी चौथी: जागा ठरवा, मग अवस्था ठरवा

लहान मुलं, किशोरवयीन मुलं, किंवा मन ठीक नसलेलं कोणीही घरात असेल तर पिस्तूल पूर्ण रिकामं, कुलपात. गोळ्या दुसऱ्या कुलपात. इथे तिसरी अवस्थाही नको. मन ठीक नसण्याचा मुद्दा लोक चटकन सोडून देतात. घरात कोणी खचलेलं असेल तर काही महिने हत्यार घराबाहेरच हवं. परवानाधारक दुकानात रीतसर जमा करता येतं.

घरात फक्त मोठी माणसं असतील आणि पलंगाशेजारी भिंतीत बोल्टने ठोकलेली, आकड्यांची किंवा बोटाच्या ठशाची छोटी तिजोरी असेल, तर भरलेलं मॅगझिन आत बसवलेलं, चेंबर रिकामं, ही अवस्था मला मान्य आहे. तिजोरीची बॅटरी मात्र दर दिवाळीला बदला, ती संपायची वेळ फार वाईट असते. रिव्हॉल्व्हरवाल्यांची इथे अडचण होते, कारण त्यांना मधली अवस्था नाही. माझं मत: अशा बंद तिजोरीत भरलेलं चालेल, पण तिजोरी बंद असेपर्यंतच. उशीखाली, ड्रॉवरमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कुठलंही हत्यार कुठल्याच अवस्थेत नको. अर्ज करताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी तुम्ही लिहून दिलेली आहे, ती नुसती सही नव्हती.

अंगावर नेणाऱ्यांसाठी: रोकड घेऊन जाणारे व्यापारी चेंबर भरायचं म्हणतात ते मला कळतं. पण त्याआधी तीन गोष्टी हव्यात. पिस्तुलात पडल्यावर न उडण्याची व्यवस्था, चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, आणि होल्स्टरमधून काढण्याचा प्रशिक्षकासमोर केलेला सराव. यातलं एक जरी नसेल तर चेंबर रिकामं. पँटच्या कमरेत नुसतं खोचलेलं पिस्तूल आणि वर सोडलेला शर्ट, हे दृश्य जंगली महाराज रस्त्यावर मी पाहिलंय. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत आणि झाकलेलंच हवं. टपरीवर काढून दाखवलं तर परवाना जाऊ शकतो.

पायरी पाचवी: एकच अवस्था, कायमची

चेंबर भरलेलं की रिकामं, यापेक्षाही धोकादायक अवस्था एक आहे: नक्की आठवत नाही, ती. गावाला जाताना भरलं, आल्यावर काढलं की नाही? काल रात्री आवाज आला म्हणून स्लाईड ओढली होती, परत ठेवताना काय केलं? म्हणून एकदा ठरवलेली अवस्था बदलायची नाही. काही कारणाने बदललीच, तर तिजोरी बंद करण्याआधी मूळ अवस्थेत आणायची. माझ्या तिजोरीच्या दारावर आतून बायकोच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘चेंबर रिकामं. मॅगझिन सात.’ तिने ती स्वतः मोजून लिहिली आहे.

रोज भरणं-काढणं करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. तीच वरची गोळी वारंवार चेंबरमध्ये आपटली की तिचं टोक काडतुसात थोडं थोडं आत ढकललं जातं. मग उडताना आतला दाब वाढतो. दुसऱ्या नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. बुटकं दिसलं तर ते वापरू नका. गोळ्या महाग आहेत, परवान्यावर मोजून मिळतात, म्हणून लोक काटकसर करतात. इथे करू नका.

पायरी सहावी: सराव

रिकामं चेंबर ठेवायचं ठरवलंत तर स्लाईड ओढण्याचा सराव ही तुमचीच जबाबदारी. डमी राऊंड (दारू नसलेली सरावाची नकली काडतुसं) घ्या, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि स्लाईड मुठीत धरून जोरात मागे ओढून सोडा. हाताने पुढे ढकलत नेऊ नका, गोळी अडकण्याचं निम्मं कारण ते असतं. सांधेदुखी असलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी हे दुकानातच करून बघावं. स्लाईड ओढता येत नसेल तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या त्या आवारात, नेमबाजीची रेंज आहे. तिथे स्वसंरक्षण शिकवत नाहीत, तो खेळ आहे, पण एकदा जाऊन बघा. नेमबाज हत्यार टेबलावर ठेवतात तेव्हा चेंबरमधून एक भडक रंगाची प्लास्टिकची दोरी बाहेर लोंबत असते. ती दिसली म्हणजे चेंबर रिकामं, लांबूनही. ऑलिंपिकपर्यंत जाणारे नेमबाजही ती दोरी लावतात, नवशिकी पोरंही लावतात. तशी दोरी बाजारात स्वस्त मिळते. पूर्ण रिकामं ठेवणाऱ्यांनी घरच्या पिस्तुलालाही लावावी.

आणि दसऱ्याचं

वर्षातून एक दिवस हत्यार सगळ्यांसमोर बाहेर येतं, तो खंडेनवमी-दसऱ्याचा. पाटावर पिस्तूल, शेजारी पान-सुपारी, आजूबाजूला भाचे-पुतणे, आणि प्रत्येकाला हातात धरून फोटो हवा असतो. आमच्याकडे पूजेची पद्धत ठरलेली आहे. आदल्या रात्री गोळ्या कुलपात जातात. सकाळी मी पिस्तूल उघडून बायकोच्या हातात देतो, ती मोबाईलचा टॉर्च लावून चेंबरमध्ये बघते, करंगळी घालते आणि मोठ्याने ‘रिकामं’ म्हणते. मग स्लाईड मागे अडकवूनच ते पाटावर जातं. हळद-कुंकू मुठीला लावायचं, नळीच्या तोंडाला नाही, आणि झेंडूचं फूल नळीत खोचायचं नाही. पाकळ्या आत राहिल्या तर पुढच्या बाराला नळी फुटू शकते. आरती झाली की कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हलका हात देऊन, ‘रिकामं’ दुसऱ्यांदा म्हणवून घेऊन मी ते परत ठेवतो. पोरं हसतात. गेल्या वर्षी धाकट्या पुतण्याने स्वतःच टॉर्च धरला.